चाकांवरचे घर आणि विम्याचे चार कप्पे

मुलगा किंवा मुलगी परदेशी स्थायिक झाली की आईवडिलांची एक फेरी ठरलेलीच असते. पूर्वी ही फेरी म्हणजे नातवंड सांभाळायचे, लाडू-चकल्या करून डबे भरून ठेवायचे आणि सहा महिन्यांनी परत यायचे. आता मुले हौशी झाली आहेत. "तुम्ही या तर खरे, पंधरा दिवस मोटरहोम घेऊन भटकू," असे फोनवर सांगतात. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घरच. बिछाने, गॅसची शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी, शौचालय, सारे एकाच गाडीत. ज्येष्ठांना पथ्याचे जेवण हाताशी मिळते आणि रोज हॉटेल बदलण्याची दगदग वाचते. कल्पना छानच आहे.

पण गाडी किती जणांची, खिडकी केवढी, यावर आठवडाभर चर्चा करणारे घर विम्याचा कागद मात्र रात्री अकरा वाजता ‘मान्य’ अशी खूण करून उरकून टाकते. आज त्या कागदाविषयी बोलू. उदाहरणासाठी न्यूझीलंड घेते. तिथेही आपल्यासारखी डाव्या बाजूने वाहतूक चालते, मोटरहोम भाड्याने घेण्याची पद्धत तिथे चांगली रुळली आहे, आणि तिथला कायदा आपल्यापेक्षा इतका वेगळा आहे की विमा म्हणजे नेमके काय, हे त्यातून नीट उलगडते.

‘विमा’ या शब्दाचे नाते फारसीतल्या ‘बीम’ म्हणजे भय या शब्दाशी सांगतात. तेव्हा विमा घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की मला भय कशाचे आहे? मोटरहोमच्या सहलीत ही भये चार प्रकारची असतात. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान होणे, भाड्याच्या गाडीचे नुकसान होणे, आपण आजारी पडणे किंवा जखमी होणे, आणि सामान हरवणे किंवा सहलच मोडणे. हे चार वेगळे कप्पे आहेत. एका कप्प्यातला पैसा दुसऱ्या कप्प्यातल्या संकटाला सहसा चालत नाही. ‘फुल इन्शुरन्स आहे हो’ असे कुणी म्हटले, की कुठल्या कप्प्यात फुल, हे लगेच विचारावे.

पहिला कप्पा दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. न्यूझीलंडमध्ये तो सक्तीचा नाही! वाचून नवल वाटेल, पण त्यामागे कारण आहे. तिथे १९७४ पासून अपघात भरपाईची सरकारी योजना चालू आहे. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ मध्ये दिलेल्या अहवालातून ती जन्मली. अपघातात कुणी जखमी झाले तर चूक कुणाची हे न पाहता ‘एसीसी’ ही सरकारी संस्था उपचाराचा भार उचलते, आणि त्या बदल्यात जखमेच्या भरपाईसाठी एकमेकांना कोर्टात खेचण्याची वाट जवळजवळ बंद झाली आहे. परदेशी पाहुण्यांनाही या योजनेचे संरक्षण मिळते. पण ते शरीराच्या इजेपुरते. तुम्ही कुणाच्या महागड्या मोटारीला धडक दिली तर त्या पत्र्याचे पैसे एसीसी देत नाही, ते तुमच्याकडेच मागितले जातात. भाड्याच्या करारात या नुकसानीचे संरक्षण सहसा असते. ते आहे ना, आणि किती रकमेपर्यंत आहे, हे पाहून घ्यावे.

दुसरा कप्पा गाडीचा. इथला कळीचा शब्द ‘एक्सेस’. नुकसान झाले तर त्यातली पहिली अमुक रक्कम तुमची, त्यावरची विम्याची, असा त्याचा अर्थ. मोटरहोमच्या बाबतीत ही रक्कम काही हजार न्यूझीलंड डॉलर असू शकते. चूक समोरच्याची असली तरी ती आधी तुमच्याकडून घेतली जाते, आणि पुष्कळ करारांत प्रत्येक घटनेला वेगळी मोजली जाते. ती कमी करायची तर रोजचे जादा पैसे भरावे लागतात. एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एक्सेस ५००० डॉलर आहे आणि ते शून्यावर आणायला रोज ५० डॉलर लागतात. १४ दिवसांचे झाले ७००. ५० रुपयांचा दर धरला तर ३५ हजार रुपये नक्की जाणार, नाहीतर अडीच लाखांची टांगती तलवार डोक्यावर राहणार. अडीच लाख गेले तर घरात कुणाचे काय अडेल, या प्रश्नाच्या उत्तरावर निवड करावी. एजंटाच्या घाईवर करू नये.

मात्र ‘शून्य’ म्हणजे सर्व काही माफ, असेही नव्हे. करारातले ‘हे वगळले आहे’ हे पान सर्वांत आधी वाचावे. मोठ्या मोटरहोमची उंची तीन मीटरच्या वर जाते. मोटारीच्या सवयीने कुणी दुकानाच्या छपराखाली किंवा झाडाच्या फांदीखाली गाडी घातली, की वरचा भाग फाटतो, आणि छताचे व गाडीच्या पोटाचे नुकसान अनेक करारांत वगळलेले असते. पाण्याच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत पाणी भरणे ही चूक हास्यास्पद वाटेल, पण ती इतक्यांदा होते की करारांत तिचा वेगळा उल्लेख करावा लागतो. कच्चे रस्ते सहसा वर्ज्य असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रस्ता आणि उत्तरेकडचा नाइंटी माइल बीच ही नावे वर्ज्य यादीत हमखास सापडतात. आपल्या चोर्ला घाटात पावसाळ्यात गाडी काढलेल्या माणसाला तिथला मातीचा रस्ता किरकोळ वाटेल. पण प्रश्न चालकाच्या हिमतीचा नसून कराराच्या शब्दाचा आहे. वर्ज्य रस्त्यावर चाक गेले की बहुधा विमा संपला.

तसेच चालकाचे. करारात ज्यांची नावे आहेत त्यांनीच गाडी चालवायची. "मामा, रस्ता मोकळा आहे, घ्या जरा हातात" हा आपल्याकडचा प्रेमाचा आग्रह तिथे लाखोंचा पडू शकतो. मामांना चालवायचेच असेल तर नाव आधी घालावे आणि मूळ परवाना सोबत न्यावा. तो इंग्रजीत नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर लागते.

तिसरा कप्पा शरीराचा, आणि खरी कसोटी इथे आहे. वर सांगितलेली एसीसी पाय मोडला तर मदतीला येते. छातीत कळ आली तर येत नाही, कारण तो आजार आहे, अपघात नव्हे. रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्चही ती करत नाही. म्हणजे साठी उलटलेल्या माणसाला ज्याचे भय जास्त, नेमके तेच तिच्या बाहेर राहते. म्हणून भारतातून निघण्यापूर्वी प्रवास-आरोग्य विमा घ्यायलाच हवा. बहुतेक भारतीय पॉलिसी देश सोडण्याआधीच घ्याव्या लागतात, हेही ध्यानात असू द्यावे.

या विम्याचा अर्ज भरताना घरोघरी एकच नाटक घडते. आमचे एक निवृत्त सहकारी सपत्नीक निघाले होते. वहिनींना बारा वर्षांचा मधुमेह आणि रक्तदाब. अर्ज भरून देणारा म्हणाला, "सर, ते लिहू नका, हप्ता वाढतो." वहिनींनीही दुजोरा दिला, "मुलाला उगाच भुर्दंड नको." त्यांचा हेतू किती निर्मळ! पण परिणाम नेमका उलटा होतो. परक्या देशात रुग्णालयात दाखल व्हावे लागले की कंपनी जुने कागद मागते, त्यात मधुमेहाची गोळी सापडते आणि दावा नाकारला जातो. मग बिल कोण भरतो? ज्याला भुर्दंड नको म्हणून लपवले, तोच मुलगा. झाकली मूठ सव्वा लाखाची असते ती चारचौघांत. विम्याच्या कागदावर झाकलेली मूठ उघडली की तीत काहीच उरत नाही. सरांनी शेवटी सगळे खरे लिहिले, हप्ता वाढला, आणि दोघे निर्धास्तपणे निघाले.

विम्याच्या शास्त्रात याला परम सद्भावाचे तत्त्व म्हणतात. १७६६ मध्ये लंडनच्या न्यायालयात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी कार्टर विरुद्ध बोम या खटल्यात ते स्पष्ट मांडले. तो खटला सुमात्रातील ईस्ट इंडिया कंपनीच्या एका किल्ल्याच्या विम्याचा होता. धोक्याची माहिती विमा घेणाऱ्यालाच असते, म्हणून ती त्याने सांगितली पाहिजे, असे ते तत्त्व. पण गंमत अशी, की खटला जिंकला विमा घेणाऱ्या कार्टरनेच. विमा देणाऱ्याला जे सहज कळण्याजोगे होते ते सांगितले नाही म्हणून त्याला हात झटकता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. सचोटी दोन्ही बाजूंनी हवी.

तेव्हा आजार लिहून झाला की आपणही उलट प्रश्न विचारावा. ‘हा जुना आजार लिहून घेतलात, पण त्यातून उद्भवलेले दुखणे पॉलिसीत धरले आहे का?’ अनेक पॉलिसी जुने आजार पूर्ण वगळतात, काही फक्त जिवावर बेतल्यास ठरावीक रकमेपर्यंत देतात. अडीच लाख डॉलरचा ठळक आकडा पाहून भुलू नये. जुन्या आजारासाठी त्यातले किती, हे लेखी घ्यावे.

चौथा कप्पा सामानाचा आणि सहल मोडण्याचा. तो सर्वांत लहान, पण इथेच एक मुद्दा निसटतो. काही प्रवास विम्यांत भाड्याच्या गाडीच्या एक्सेसची भरपाई मिळते, असे लिहिलेले असते. तिथे ‘गाडी’ या शब्दात मोटरहोम येते का, हे विचारावे, कारण अनेकदा ती नेमकी वगळलेली असते. शिवाय असे पैसे नंतर परत मिळतात, आधी आपल्या खिशातूनच जातात.

आता निघण्यापूर्वीची तयारी. क्रेडिट कार्ड करार करणाऱ्याच्या नावाचे असावे आणि ते भारतातले असेल तर परदेशी वापराची सोय सुरू करून घ्यावी. गाडी ताब्यात घेताना छत, टायर, काचा यांचे फोटो काढावेत. पॉलिसीची प्रत आणि मदतीचा फोन नंबर गाडीतल्या प्रत्येकाकडे हवा, नुसता मुलाच्या मोबाइलमध्ये असून भागत नाही. रुग्णालयात जावे लागले तर विमा कंपनीला लगेच कळवावे. भारतीय कंपनीने दावा अन्यायाने नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जावे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

एवढे करूनही बहुतेकांच्या सहलीत काहीच घडणार नाही, आणि परतल्यावर कुणीतरी म्हणेल, "विम्याचे पैसे फुकट गेले." जाऊ द्यावेत. सरोवराच्या काठी गाडी उभी करून, स्वतःच्या हाताने केलेला चहा घेत सकाळ पाहताना मनात धाकधूक नव्हती, त्याचीच ती किंमत समजावी.