समजून घ्या : फोटोतली नको ती वस्तू एका बोटात गायब होते, पण तिच्या जागी जे येते ते काय?

कंधारच्या भुईकोट किल्ल्यावर सुट्टीच्या दिवशी फोटो काढायला गेलात, तर बुरूज आणि खंदकाबरोबर आणखी काही गोष्टी फुकटात फ्रेममध्ये येतात. कुणीतरी फेकलेली पाण्याची बाटली, मधूनच गेलेली तार, पाठमोरा उभा राहून सेल्फी घेणारा अनोळखी माणूस. पूर्वी असा फोटो आहे तसा ठेवावा लागे. आता गॅलरीत ‘एडिट’, मग ‘इरेजर’, बोटाने गोल काढला की माणूस गेला. त्याच्या जागी काळा दगड, दगडावर शेवाळ, सगळे अगदी जागच्या जागी.

हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी हे केले असेल. मीही करतो. २०२५च्या सप्टेंबरमध्ये कंधार तालुक्यातल्या माझ्या मावसभावानेही केले. पाण्यात उभ्या असलेल्या सोयाबीनचा त्याने फोटो काढला. कोपऱ्यात डीपी आली होती, खाली त्याची स्वतःची सावली पडली होती. फोटो ‘नीट दिसावा’ म्हणून त्याने दोन्ही पुसले आणि तो तलाठ्याला पाठवून दिला. उत्तर आले, ‘हे शेत कुणाचे? कशावरून ओळखायचे?’ त्या शिवारात शेत ओळखू येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे डीपी. तीच त्याने पुसली होती.

मागे काय होते, हे फोनला कुठून कळते?

कळत नाही. या सगळ्या प्रकरणातली मुख्य गोष्ट हीच आहे आणि जाहिरातीत ती कुणी सांगत नाही.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश पडतो तेव्हा फोटो बनतो. खांबाच्या मागच्या वस्तूवरून निघालेला प्रकाश खांबाने अडवला, म्हणजे तो सेन्सरपर्यंत पोहोचलाच नाही. मग खांब ‘हटवला’ तरी मागचे दृश्य बाहेर येणार कुठून? ते फाइलमध्ये नाहीच. सॉफ्टवेअर खांबाच्या जागी भोक पाडते आणि ते भोक अंदाजाने बुजवते. हिशेब करून पाहा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. खांबाने फोटोचा फक्त २ टक्के भाग व्यापला असेल, तरी तो पुसल्यावर २ लाख ४० हजार ठिपके कॅमेऱ्याने पाहिलेले नसतात, सॉफ्टवेअरने रंगवलेले असतात.

इंजिनिअरिंगला इमेज प्रोसेसिंग हा विषय होता, तेव्हा हा भाग ‘ऑप्शनला’ टाकण्याची पद्धत होती. आता वाटते, वाचायला हवा होता. या तंत्राला ‘इनपेंटिंग’ म्हणतात. हा शब्द जुनी चित्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडून आला. चित्राचा पोपडा उडाला की आजूबाजूचा रंग पाहून ते तेवढी जागा भरतात. २००० साली मार्सेलो बर्ताल्मियो आणि सहकाऱ्यांनी हेच काम संगणकाकडून करून घेण्याची रीत मांडली. कडेचे रंग आणि रेषा हळूहळू आत ओढत न्यायच्या. ओरखडा किंवा बारीक तार पुसायला ती पुरेशी होती. मोठी वस्तू पुसली की मात्र जागा धुरकट होई.

पुढची पायरी ठिगळाची. फोटोतलाच दुसरा, मिळताजुळता तुकडा शोधायचा आणि तो इथे आणून लावायचा. असे तुकडे झपाट्याने शोधणारी ‘पॅचमॅच’ नावाची पद्धत २००९ मध्ये आली आणि २०१०च्या फोटोशॉप सीएस ५ मध्ये ‘कंटेंट-अवेअर फिल’ नावाने लोकांच्या हाती पडली. गवत, पाणी, आकाश, नांगरलेली जमीन अशा एकसारख्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर ठिगळ बेमालूम बसते. म्हणजे फसवण्यासाठी शेतापेक्षा सोपा फोटो दुसरा नाही.

आजचे इरेजर याहून पुढे गेले आहेत. लाखो फोटोंमधला थोडा थोडा भाग झाकून, ‘इथे काय असेल ते सांग’ असे विचारत न्यूरल नेटवर्क शिकवले जाते. त्यामुळे ते तुमच्या फोटोतलाच तुकडा आणत नाही, तर आजवर पाहिलेल्या सगळ्या फोटोंच्या अनुभवावरून ‘इथे बहुधा दगड असावा’ असे ठरवते आणि नवा दगड काढते. गुगलने ‘मॅजिक इरेजर’ २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर आणला. मे २०२४ पासून तो गुगल फोटोज वापरणाऱ्यांना मोफत मिळू लागला. ॲपलचे ‘क्लीन अप’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आले. सॅमसंग, शाओमी यांच्या गॅलरीत असे बटण आहेच. दहा-बारा हजारांच्या फोनमध्येही ते सापडते.

अंदाज कुठे फसतो, ते पाहायचे असेल तर पुन्हा किल्ल्यात जा. कंधारच्या किल्ल्यात फारसी-अरबी शिलालेख आहेत. समजा लेखावरून एक तार गेली आहे आणि तुम्ही ती पुसली. तारेखाली झाकलेली अक्षरे सॉफ्टवेअर स्वतः ‘लिहिते’. दुरून पाहिले तर लेख पूर्ण दिसतो. जवळून पाहिले तर ती वळणे कुठल्याच लिपीतली नसतात. फोटो लग्नाच्या अल्बमसाठी असेल तर फरक पडत नाही. उद्या तोच फोटो कुणी लेख वाचायला घेतला, तर मात्र पडतो.

स्टुडिओवाल्यांना हे नवे नाही

घरात कुणी गेले की दहाव्या-तेराव्याच्या आत फ्रेम लागते, आणि नेमका एकट्याचा चांगला फोटो सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओ गाठायचा. स्टुडिओवाला आजोबांना त्यातून उचलतो, शेजारचे मामा-काका पुसतो, मागे निळा पडदा लावतो. खांद्यावर दुसऱ्याचा हात असेल तर हात काढून तिथे सदऱ्याचा तुकडा बसवतो. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर असे खांदे टांगलेले आहेत आणि कुणाची त्याबद्दल तक्रार नाही. फोटोचे काम तिथे साक्ष देण्याचे नाही, आठवण ठेवण्याचे आहे.

तेच तंत्र सत्तेच्या हाती गेले की काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण सोव्हिएत रशियातले आहे. गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह याला १९४० मध्ये गोळ्या घातल्यावर, कालव्याच्या काठी स्टॅलिनशेजारी उभा असलेला त्याचा फोटोही ‘दुरुस्त’ झाला. त्याच्या जागी कालव्याचे पाणी रंगवण्यात आले. ते हाताने केलेले काम होते. (पक्ष बदलल्यावर बॅनरवरचे चेहरे कसे नाहीसे होतात, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.)

बातमीच्या धंद्यात या बाबतीत नियम कडक आहे. मेक्सिकोचे छायाचित्रकार नार्सिसो कॉन्ट्रेरास यांनी २०१३ मध्ये सीरियात काढलेल्या फोटोच्या कोपऱ्यातून सहकाऱ्याचा जमिनीवर पडलेला व्हिडिओ कॅमेरा पुसला. बातमीचा अर्थ त्याने बदलत नव्हता. तरीही जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले. पुलित्झर पुरस्कार मिळवलेल्या चमूतले ते होते, हेही आड आले नाही. फोटो कापून लहान करायला मुभा असते, कारण कापल्याने काहीतरी कमी होते. पुसल्याने फोटोत नसलेले काहीतरी वाढते.

पण माझा फोटो काय वृत्तसंस्थेचा आहे?

नाही, पण सरकारदरबारी तो कागद झाला आहे, आणि खेड्यात हे शहरापेक्षा जास्त खरे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पीक चढवायचे तर शेतकऱ्याने शेतात उभे राहून ॲपमध्ये फोटो काढायचा. घरकुलाचा पुढचा हप्ता हवा तर पाया, भिंती, छत अशा टप्प्यांचे जिओ-टॅग फोटो लागतात. मनरेगाच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटोने घ्यायची सक्ती झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये कंधारशेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ आणि आसपासच्या गावांत पाणी शिरले, माणसे गेली. सप्टेंबरमध्ये मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. त्या वेळी, जिथे पंचनाम्याला पोहोचता येत नाही तिथे ड्रोनचे चित्रण आणि शेतकऱ्याने मोबाइलवर काढलेला फोटोही ग्राह्य धरू, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले. बुडालेल्या शेतापर्यंत रस्ताच उरला नसताना हा मोठा दिलासा होता. पण याचा दुसरा अर्थ असा की, नुकसानीचा पुरावा शेतकऱ्याच्या खिशातल्या त्याच फोनमध्ये आला, ज्यात इरेजरचे बटण आहे.

खोटेपणा करायला इरेजरही लागत नाही, हे मनरेगाने दाखवले. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये राज्यांना पाठवलेल्या परिपत्रकात हजेरीच्या ॲपचा गैरवापर कसा होतो, याची यादीच दिली होती. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोवरून काढलेला फोटो, प्रत्यक्षातली आणि नोंदलेली माणसे न जुळणे वगैरे. उपाय म्हणून फोटो माणसांकडून तपासायला सांगितले गेले. मुंबईत महापालिकेने २०२५च्या नालेसफाईत कंत्राटदारांना व्हिडिओ सक्तीचे केले आणि ते तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली. म्हणजे एक यंत्र पुसणार, दुसरे पकडणार.

मला काळजी लबाडांची कमी वाटते. लबाड माणूस काळजीपूर्वक काम करतो. अडकतो तो माझ्या मावसभावासारखा, ज्याचे नुकसान खरे आहे आणि ज्याने फोटो केवळ चांगला दिसावा म्हणून साफ केला. तपासणी कडक होत जाईल तसा त्याचा खरा दावा ‘फोटोत फेरफार’ म्हणून बाजूला पडायची शक्यता वाढत जाणार. आणि आपल्याला नको वाटणाऱ्या वस्तू बहुधा तपासणाऱ्याला हव्या असतात. विजेचा खांब, बांधावरचे बाभळीचे झाड, शेजाऱ्याचा गोठा, सावली (ती वेळ सांगते), बाजूला उभा असलेला माणूस (तो साक्षीदार असतो).

पुसलेले ओळखू येते का?

कधी कधी. माणूस पुसला पण खंदकाच्या पाण्यातले त्याचे प्रतिबिंब राहिले, असे होते. सावली उरते. कुंपणाची तार मध्येच वाकते, एकच गवताचा झुबका तीनदा दिसतो. नवी साधने सावलीही ओळखून पुसतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर फार काळ विसंबता येणार नाही.

फोटोच्या फाइलमध्ये वेळ, ठिकाण, फोनचे मॉडेल अशी माहिती दडलेली असते. गुगल फोटोजच्या एआय साधनांनी बदल केला तर तशी नोंदही त्यात होते. अडचण अशी की व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की फाइल दाबून लहान होते आणि ही माहिती गळून पडते. फोटोच्या खाली नकाशा, अक्षांश-रेखांश छापणारी जीपीएस कॅमेऱ्याची ॲप्स सरकारी कामात सर्रास वापरली जातात. पण तो पट्टा म्हणजेही शेवटी फोटोवर काढलेले ठिपकेच. ज्या बोटाने डीपी पुसली जाते, त्याच बोटाने तारीखही.

कायद्याचे थोडक्यात. स्वतःच्या फोटोतली बाटली पुसणे गुन्हा नाही. फसवणुकीच्या हेतूने खोटा इलेक्ट्रॉनिक अभिलेख तयार करणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ प्रमाणे बनावटगिरी ठरते. उद्देश फसवणुकीचा असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तो खरा म्हणून वापरणाऱ्यासाठी कलम ३४० आहे. कोर्टात डिजिटल फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्राने कृत्रिमरीत्या बनवलेल्या मजकुरावर लेबल सक्तीचे केले, त्यातून चांगल्या हेतूने केलेले किरकोळ संपादन वगळले आहे. मात्र अर्थ बदलणारे संपादन किरकोळ मानले जात नाही.

मूळ फोटो कुठे जातो?

हे तुमच्या फोनवर अवलंबून आहे. गुगल फोटोजमध्ये बदल केल्यावर ‘सेव्ह कॉपी’ निवडले तर मूळ फोटो तसाच राहतो. काही कंपन्यांच्या गॅलरीत साधे ‘सेव्ह’ दाबले की मूळ फोटोवरच नवा बसतो. त्यातल्या काहींमध्ये नंतर ‘रिव्हर्ट’ करून मागे जाता येते, सगळ्यांत नाही. आपल्या फोनमध्ये काय होते, ते एखाद्या बिनकामाच्या फोटोवर आजच करून पाहा. सरकारी कामाचा, विम्याचा, अपघाताचा, जमिनीच्या वादाचा फोटो असेल तर त्याला हात लावू नका. एक लांबून, एक जवळून आणि एक ओळखीची खूण येईल असा घ्या. पाठवताना व्हॉट्सॲपमध्ये ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे फाइल दाबली जात नाही आणि वेळ-ठिकाण टिकते.

आणि डिलीट झालाच असेल तर लगेच हार मानू नका. गुगल फोटोजच्या ‘ट्रॅश’मध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, बॅकअप नसेल तर ३० दिवस. आयफोनवरही साधारण ३० दिवस मिळतात. मावसभावाचा मूळ फोटो तिथेच निघाला, पाचव्या आठवड्यात, बॅकअप चालू होता म्हणून. त्यात सोयाबीन होते, पाणी होते, त्याची लांबलचक सावली होती आणि कोपऱ्यात डीपी.