झाडाच्या पोटातील कारखाना आणि शेतकऱ्याची जोखीम

वृक्ष हा मानवाचा सर्वांत जुना रसायननिर्माता होय. हिमालयातील चीड वृक्षापासून राळ आणि टर्पेंटाइन, चंदनाच्या गाभ्यातून सुगंधी तेल, सिंकोनाच्या सालीतून कुनैन, रबराच्या खोडातून चीक; ही परंपरा कोणत्याही आधुनिक कारखान्याहून प्राचीन आहे. मात्र वृक्ष ही द्रव्ये माणसासाठी निर्माण करीत नाही. कीड, बुरशी आणि जखमा यांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी तो ती बनवितो. साहजिकच त्यांचे प्रमाण अल्प असते आणि निर्मितीची गती संथ असते. माणसाची गरज मात्र टनांत मोजली जाते. गरज आणि निर्मिती यांतील हे अंतर आजवर बहुधा कुऱ्हाडीने भरून काढले गेले. ते जनुकशास्त्राच्या साहाय्याने भरून काढण्याचे प्रयत्न आता सुरू झाले आहेत. या प्रयत्नांचे स्वागत करतानाच, त्यांचा खर्च आणि धोका कोणाच्या खात्यावर पडणार, याचा विचार आधीच व्हावयास हवा.

कुऱ्हाडीचा हिशेब

नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी डॉ. मन्रो वॉल यांनी अमेरिकेत कर्करोगावरील दोन महत्त्वाची द्रव्ये शोधून काढली. १९६६ साली त्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. १९७१ साली पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना त्यांनी जगापुढे मांडली. टॅक्सॉलला १९९२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली आणि असंख्य रुग्णांना आयुष्य लाभले. परंतु यू हा अतिशय सावकाश वाढणारा वृक्ष आहे, आणि साल सोलून काढली की तो मरतो. एका रुग्णाच्या उपचारासाठी अनेक वृक्षांचा बळी द्यावा लागे.

याच कथेचा दुसरा अध्याय सह्याद्रीत घडला. कॅम्प्टोथेसिन आपल्याकडील नरक्या या लहानशा झाडातही आढळते, हे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. उग्र दुर्गंधीमुळे ज्या झाडाच्या वाटेला कोणी जात नसे, ते एकाएकी मौल्यवान ठरले. त्यानंतरच्या काळात नरक्याची चोरटी तोड आणि वाहतूक हा पश्चिम घाटातील वनरक्षकांपुढील नित्याचा प्रश्न होऊन बसला. एका रेणूसाठी संपूर्ण झाड नाहीसे होणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबात तोट्याचाच आहे, कारण त्यात व्याजासाठी मुद्दलच मोडले जाते.

पॉप्लरमध्ये गुलाब

जनुकशास्त्राचा मार्ग असा : हवे असलेले द्रव्य ज्या विकरांमुळे तयार होते, त्यांची जनुके शोधावयाची आणि ती झपाट्याने वाढणाऱ्या दुसऱ्या झाडात घालावयाची. पॉप्लर हे अशा प्रयोगांतील आवडते झाड आहे. संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेला हा पहिला वृक्ष. ते काम २००६ साली प्रसिद्ध झाले. २०१३ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी संकरित पॉप्लरमध्ये २-फिनाइलइथेनॉल तयार करून दाखविले. गुलाबाच्या सुवासातील हा एक प्रमुख घटक असून अत्तरे, साबण आणि खाद्यस्वाद यांत त्याचा उपयोग होतो. त्यापासून प्लॅस्टिक उद्योगास लागणारे स्टायरीनही बनविता येते. या झाडांनी ते द्रव्य हवेत न उडवता मुख्यतः साखरेच्या रेणूंशी बांधून साठविले, ही त्यातील विशेष लक्षणीय बाब होय. गरज पडेपर्यंत माल गोदामात सुरक्षित राहावा, तशीच ही सोय आहे.

आता प्रश्न असा की, हेच काम मोठ्या टाकीत वाढविलेल्या सूक्ष्मजीवांकडून किंवा वनस्पतिपेशींकडून का करून घेऊ नये? अत्यल्प प्रमाणात लागणाऱ्या आणि अतिशय महाग असलेल्या औषधांसाठी टाकी हाच मार्ग अधिक योग्य ठरेल. टॅक्सॉलचा पुरवठा सुरळीत झाला तो युरोपीय यूच्या पुन्हा फुटणाऱ्या पानांमुळे आणि पेशीसंवर्धनामुळे. जनुकांतरित वृक्षामुळे नव्हे. वृक्षाचे बलस्थान वेगळे आहे. त्याला साखर विकत आणून घालावी लागत नाही. सूर्यप्रकाश, पाणी आणि माती यांवर तो वर्षानुवर्षे काम करतो. शिवाय रसायन काढून घेतले तरी लाकूड शिल्लक राहते. म्हणूनच मोठ्या प्रमाणावर लागणाऱ्या मध्यम किमतीच्या द्रव्यांसाठी वृक्षाचा विचार करावा, आणि तोही लाकडाचा जोडधंदा म्हणून.

मुदत आणि बाजार

या मुद्द्याचे महत्त्व उत्तर भारतातील पॉप्लरच्या अनुभवावरून स्पष्ट होईल. १९८४ च्या सुमारास आगपेट्या बनविणाऱ्या विमको कंपनीने नाबार्डचे पुनर्वित्त आणि बँकांची कर्जे यांच्या आधारे पंजाब, हरयाणा व उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यांना पॉप्लर लागवडीस प्रवृत्त केले. कंपनीने लाकूड खरेदीची हमी दिली. हिवाळ्यात पॉप्लरची पाने गळत असल्याने रांगांमधील गव्हाला ऊन मिळे. सहा ते आठ वर्षे थांबण्याची ताकद शेतकऱ्याला त्या गव्हाने दिली. पुढे यमुनानगर येथील प्लायवूड उद्योगामुळे या लाकडाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. तरीसुद्धा लागवड गरजेपेक्षा वाढताच चालू शतकाच्या प्रारंभी भाव कोसळले आणि अनेक शेतकऱ्यांनी पॉप्लरकडे पाठ फिरविली.

साध्या लाकडाची ही गत, तर एकाच कंपनीला हव्या असलेल्या रसायनाचे काय? हिवतापावरील आर्टेमिसिनिनचे उदाहरण बोलके आहे. जनुकीय बदल केलेल्या यीस्टच्या साहाय्याने हे औषध बनविण्याचा कारखाना सानोफी कंपनीने २०१३ साली इटलीत सुरू केला. विज्ञान यशस्वी ठरले. पण शेतकऱ्यांनी पिकविलेल्या वनस्पतीपासून मिळणारे आर्टेमिसिनिन त्याहून स्वस्त झाले, आणि कंपनीने तो कारखाना विकून टाकला. कारखाना विकता येतो. बांधावर सहा वर्षे वाढलेले झाड मात्र मधल्या काळात बदलता येत नाही. गव्हाचा अंदाज चुकला तर एक हंगाम जातो, झाडाचा चुकला तर मुलीच्या शिक्षणासाठी राखलेला पैसा जातो.

शेजाऱ्याचे शेत

दुसरी जोखीम बांधापलीकडची आहे. झाडाचे परागकण आणि बी वाऱ्यावर दूर जातात, पॉप्लरला मुळांतूनही फुटवे येतात आणि झाडाचे आयुष्य एखाद्या परवान्याच्या मुदतीहून मोठे असते. ब्राझीलने २०१५ साली अधिक लाकूड देणाऱ्या जनुकांतरित निलगिरीला परवानगी दिली, तेव्हा तेथील मधपाळांना आपल्या सेंद्रिय मधाच्या निर्यातीची चिंता वाटली. ज्यांनी ते झाड लावले नव्हते, त्यांच्या व्यवसायावर त्याची छाया पडली. यावर उपाय अशक्य नाहीत. अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठाने सुमारे ३,३०० पॉप्लर झाडांवर सात हंगाम चाचणी घेऊन, वाढ न खुंटविता वंध्य झाडे तयार करता येतात, हे २०१८ साली प्रसिद्ध केले. असा उपाय रसायन देणाऱ्या प्रत्येक झाडात सक्तीचा असावयास हवा.

भारतात जनुकांतरित वृक्षाची सुरुवात सार्वजनिक संस्थेकडून झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. कोट्टायमजवळील भारतीय रबर संशोधन संस्थेने विकसित केलेली रबराची रोपे २०२१ साली गुवाहाटीजवळ चाचणीसाठी लावण्यात आली. ईशान्येकडील थंडी सहन करावी म्हणून त्यांत रबराचेच एक जनुक अधिक सक्रिय करण्यात आले. सार्वजनिक संस्थेने दीर्घकाळ निरीक्षण करावे आणि निष्कर्ष सर्वांसमोर ठेवावेत, हीच पद्धत रसायन देणाऱ्या झाडांनाही लागू व्हावी.

हमीची तीन कलमे

तेव्हा या तंत्रज्ञानाला दार बंद करणे शहाणपणाचे नाही, आणि डोळे मिटून ते उघडणेही नाही. कोणत्याही दीर्घ मुदतीच्या कर्जाप्रमाणे येथेही करारातील कलमे आधी वाचली पाहिजेत. पहिले कलम असे की, रसायन विकले गेले नाही तरी लाकूड म्हणून विकले जाईल, असेच झाड शेतकऱ्याच्या बांधावर यावे. बँकांनीही रसायनाच्या भावावर नव्हे, तर लाकडाच्या किमतीवर कर्जाची मर्यादा ठरवावी. दुसरे, जनुकावर ज्याचा हक्क आहे, त्यानेच खरेदीची लेखी हमी द्यावी आणि शेजाऱ्याच्या नुकसानीचे दायित्वही स्वीकारावे. तिसरे, मूळ द्रव्य ज्या रानातील झाडात सापडले, त्या रानाला आणि ते राखणाऱ्या लोकांना उत्पन्नाचा वाटा मिळावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभवाटपाचे हे तत्त्व मान्य केलेलेच आहे.

यापैकी तिसरे कलम सर्वांत सहज विसरले जाते. प्रयोगशाळेत जनुक वाचले गेले की रानातील झाडाची गरज संपली, असे वाटू लागते. वास्तविक उद्याचे औषध कोणत्या दुर्लक्षित झाडात दडले आहे, हे आज कोणीच सांगू शकत नाही. नरक्याची किंमत तरी १९७२ पूर्वी कोणाला ठाऊक होती? बदललेल्या झाडांपासून मिळणाऱ्या नफ्याचा काही भाग न बदललेल्या झाडांच्या रक्षणासाठी खर्च झाला, तरच हा व्यवहार मुद्दल राखून व्याज घेणारा ठरेल.