जरा सरकता का?

रविवारी सकाळी मिसळ खायला गेलात की रिकामं टेबल मिळतच नाही. मग तुम्ही काय करता? बाकड्यावर दोघं बसलेले असतात, त्यांच्याकडे नुसतं बघता. ते सरकतात. संपला विषय! नाव नाही, गाव नाही. ब्रेडच्या स्लाइसची प्लेट येते, कट वाढणारा फिरत असतो, आणि दोन मिनिटांत सगळ्यांच्या नाकातून पाणी.

‘कम्फर्ट फूड’ हा शब्द आपण रील्समधून उचलला. पण कम्फर्ट कशात असतो? चवीत म्हणाल, तर चव पार्सलमध्येही येते (कट थोडा गार होतो, एवढंच). खरा निवांतपणा त्या सरकण्यात आहे. आत आलेल्याला ‘तू कुणाचा?’ असं कोणी विचारत नाही.

हे आपल्याच गावात कधी काळी इतकं सोपं नव्हतं. भाऊसिंगजी रोडवरून तुम्ही कितीदा गेला असाल. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं होतं. नाव ‘सत्यसुधारक’. ते आधी राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, वर गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. हॉटेल सुरू झालं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. मग महाराजच तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले. आता छत्रपती पितायत म्हटल्यावर सोबतच्यांनाही कप हातात घ्यावाच लागला.

१९१९ मध्ये महाराजांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही, असे हुकूम काढले. पण हुकमानं विहीर खुली करता येते, चहा पाजता येत नाही. त्यासाठी कोणीतरी आधी जाऊन प्यावा लागतो.

आता आपल्याकडे बघू. मिसळीच्या बाकड्यावर कोणी जात विचारत नाही, मान्य. पण त्याच पोराला खोली भाड्यानं हवी असली, की पहिला प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ आणि आपण? लेक्चर संपलं की रोज तीच पाच जणं, तोच कॅफे, तीच कोपऱ्यातली जागा. चंदगड-गडहिंग्लजकडून आलेला, मेसच्या डब्यावर महिना काढणारा वर्गमित्र ‘जेवून आलोय रे’ म्हणतो आणि आपण ‘बरं’ म्हणून निघतो. सोमवारी जेवून आलेला, बुधवारी उपवास, शुक्रवारी पोट बिघडलेलं. कोल्ड कॉफीचा आकडा मेनूवर बघितलात, तर त्याचं पोट का बिघडतं ते कळेल.

कॅफेत जाऊच नका, असं म्हणणं नाही. मलाही एसी आवडतो, चार्जिंगचा प्लग तर फारच. पण ग्रुपचा अड्डा ठरवताना एकदा हिशेब करा, की आपल्या वर्गातलं कोण तिथे कधीच आलेलं नाही.

या रविवारी त्याला मिसळीला घेऊन जा. ‘आज मी देतो’ असं जाहीर करून त्याला अवघडून टाकू नका. उठताना गल्ल्यापाशी नेहमीसारखी ढकलाढकली करा, त्यालाही ‘पुढचं तुझ्याकडं भावा’ म्हणा. मिसळ त्याला परवडते. पुढच्या वेळी तो देईल, आणि तुम्ही द्यायला गेलात तर भांडेल.