लेस्टरचा कौल आणि गृहीत धरलेला समाज

जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाचे अक्षरशः पानिपत झाले. चौदा वर्षांची सत्ता गेली आणि पक्षाचे संख्याबळ १२१ पर्यंत घसरले. या पडझडीत संपूर्ण देशात एकच मतदारसंघ असा निघाला, की जो २०१९ मध्ये मजूर पक्षाने जिंकला होता आणि २०२४ मध्ये हुजूर पक्षाच्या पदरात पडला. तो मतदारसंघ म्हणजे लेस्टर पूर्व. लेस्टरमध्येच जन्मलेल्या शिवानी राजा तेथून विजयी झाल्या. त्यांनी हाती भगवद्गीता घेऊन खासदारकीची शपथ घेतली. ते दृश्य भारतात घरोघरी पाहिले गेले आणि अनेकांचा ऊर अभिमानाने भरून आला. हा अभिमान स्वाभाविकच आहे; परंतु अभिमान म्हणजे विश्लेषण नव्हे.

या मतदारसंघाचा इतिहास पाहिल्यावाचून या निकालाचा अर्थ उलगडत नाही. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्या शहरात येऊ नका' असे बजावले होते. तरीही माणसे आली. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या, प्रामुख्याने गुजराती असलेल्या या कुटुंबांनी कारखान्यांत काबाडकष्ट केले, दुकाने थाटली, मंदिरे उभारली आणि बेलग्रेव्ह रोडचे रूप पालटून टाकले. तेथील दिवाळीची रोषणाई आज शहराचे भूषण समजली जाते. 'येऊ नका' म्हणणाऱ्या शहराला या समाजाने दिलेले हे उत्तर होते.

मताच्या बाबतीत मात्र हा समाज दीर्घकाळ एकाच दारी उभा राहिला. युगांडातून आलेल्यांना देशात घेण्याचा निर्णय हुजूर पक्षाच्या हीथ सरकारचा, तर १९६८ मध्ये केनियातील आशियाई लोकांची वाट अडवणारा कायदा मजूर सरकारचा. असे असूनही वंशभेदविरोधी कायदे आणि 'नॅशनल फ्रंट'च्या द्वेषाला होणारा विरोध यांमुळे मजूर पक्षच त्यांना जवळचा वाटला. त्यात अस्वाभाविक काही नव्हते. १९८३ मध्ये हुजूर पक्षाने अवघ्या ९३३ मतांनी जिंकलेली ही जागा १९८७ मध्ये मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील, एडनमध्ये जन्मलेल्या कीथ वाझ यांनी १,९२४ मतांनी खेचून घेतली. पुढील बत्तीस वर्षे ती त्यांच्याकडेच राहिली. २०१७ मध्ये त्यांना ३५,११६ मते, म्हणजे एकूण मतदानाच्या ६७ टक्के मते मिळाली.

जेथे विजय इतका निश्चित असतो, तेथे मतदाराची किंमत उरते काय? याचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. खासदारांच्या आचरणाची चौकशी करणाऱ्या समितीने वाझ यांच्या निलंबनाची शिफारस केली आणि ते निवडणुकीतून बाजूला झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनाने काश्मीरवर भारतविरोधी ठराव संमत केला होता. अशा वेळी पक्षश्रेष्ठींनी लंडनमधील नगरसेविका क्लॉडिया वेब यांना लेस्टरवर लादले. स्थानिक कार्यकर्त्यांचा संताप कोणी विचारात घेतला नाही. वेब निवडून आल्या; पण मताधिक्य २२,४२८ वरून ६,०१९ वर आले. इशारा पुरेसा स्पष्ट होता. २०२१ मध्ये छळवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर पक्षाने वेब यांची हकालपट्टी केली. २०२३ च्या नगरपालिका निवडणुकीत पक्षाने १९ विद्यमान नगरसेवकांना उमेदवारी नाकारली. परिणामी, २०१९ मध्ये एकही जागा न मिळालेला हुजूर पक्ष १७ जागांवर पोहोचला.

'हिंदूंनी हिंदू उमेदवार पाहून मत दिले' असे सांगून जे पंडित या कौलावर जातीयतेचा शिक्का मारतात, त्यांनी उमेदवारांची यादी एकदा वाचावी. २०१९ मध्ये हुजूर पक्षाचे उमेदवार भूपेन दवे होते. ते पराभूत झाले. २०२४ मध्ये मजूर पक्षाने इंदूरमध्ये जन्मलेले, लंडनचे माजी उपमहापौर राजेश अगरवाल यांना उभे केले. तेही पराभूत झाले. केवळ नाव पाहून मते पडत असती, तर हे दोन पराभव झालेच नसते. शेजारच्याच लेस्टर दक्षिणमध्ये गाझाचा प्रश्न मांडणारे अपक्ष शौकत अ‍ॅडम यांनी मजूर पक्षाच्या जोनाथन अ‍ॅशवर्थ यांना ९७९ मतांनी हरवले. तो जर नागरिकांचा लोकशाही हक्क असेल, तर पूर्वेकडील हिंदू मतदाराचा हक्क संशयास्पद कसा ठरतो? मोजमाप एकच असले पाहिजे.

मात्र विजयाचा जल्लोष करणाऱ्यांनीही आकड्यांकडे पाठ फिरवू नये. शिवानी राजा यांना १४,५२६ मते मिळाली. म्हणजे सुमारे ३१ टक्के. मतदारसंघाच्या सीमा काहीशा बदलल्या हे खरे, तरीही पराभूत दवे यांना याहून अधिक, १९,०७१ मते पडली होती. अगरवाल यांना १०,१००, अपक्ष वेब यांना ५,५३२ आणि पुन्हा रिंगणात उतरलेल्या वाझ यांना ३,६८१ मते मिळाली. या तिघांची बेरीज १९,३१३ होते. म्हणजेच मजूर पक्षाच्या जुन्या घराची तीन शकले झाली म्हणून ही वाट मोकळी झाली. ४,४२६ चे मताधिक्य ही कायमची सनद नव्हे.

तेव्हा लेस्टरचा खरा धडा मजूर पक्षाइतकाच हुजूर पक्षालाही आहे. निळा झेंडाही उद्या त्याच मस्तीत वागला, तर हाच मतदार त्यालाही घरी बसवील, आणि बसवावेच. समाजाने एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाणे याला जागृती म्हणत नाहीत. प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराचा हिशेब मागणे, त्याची स्थानिक नाळ तपासणे, शाळा, रोजगार आणि सुरक्षेच्या प्रश्नांवर त्याला उत्तर द्यायला लावणे, याला जागृती म्हणतात. २०२२ च्या अशांततेने दोन्ही समाजांची घरे धास्तावलेल्या या शहरात तर त्याची गरज अधिकच आहे. बेलग्रेव्हच्या मतदाराने एक दार बंद करून दाखवले. पुढील निवडणुकीपर्यंत दोन्ही पक्षांना आपल्या दारी यायला लावणे, हे त्याच्यापुढचे खरे काम आहे.