पडद्यावरची प्रयोगशाळा आणि आमची मुले

रसायनशास्त्राचा प्रयोग आता संगणकाच्या पडद्यावर करता येतो. ब्युरेटमधून थेंब पडतो, द्रावण गुलाबी होते. काच फुटत नाही, हात भाजत नाही. अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकने केंद्राच्या मदतीने नववी ते बारावीसाठी 'ओलॅब्स' तयार केले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आभासी प्रयोगशाळांचा पुरस्कार केला. २०२२-२३च्या अर्थसंकल्पात विज्ञान-गणिताच्या अशा ७५० प्रयोगशाळा जाहीर झाल्या.

या साधनांना आमचा विरोध नाही. एकच प्रयोग दहा वेळा करून पाहता येतो, हा मोठा फायदा आहे. सवाल एवढाच आहे की, ही प्रयोगशाळेला जोड आहे की प्रयोगशाळेला पर्याय?

कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा. त्याच्या अनुसूचीत वर्गखोल्या, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा नाही. नववीपासून प्रयोगांची खरी गरज भासते, नेमका तिथेच हा हक्क संपतो. ही पोकळी स्वस्त पडद्याने झाकणे कोणत्याही सरकारला सोयीचे आहे.

बारावीला रसायनशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. ब्युरेट हातात न धरताही ते पदरात पडले, तरी पुढे महाविद्यालयात आमचाच मुलगा उघडा पडतो. खऱ्या ब्युरेटची तोटी एक थेंब जास्त सोडते, प्रयोग बिघडतो आणि त्यातूनच हात शिकतो. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर तापणारे भांडे आणि अमोनियाचा झोंबणारा वास पडद्यावर मिळत नाही.

महागड्या शाळेतल्या मुलाला दोन्ही मिळतील. वस्तीतल्या, आश्रमशाळेतल्या मुलाच्या वाट्याला फक्त पडदा, तोही वीज असेल तेव्हा. शाळेत बाबासाहेबांना पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता. आज मनाई नाही, पण भांडेच नाही. मुलाचा हात रिकामाच.

अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी संविधानाच्या कलम ४६ने राज्यावर टाकली आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या भागातल्या सरकारी व अनुदानित शाळांत माहिती अधिकाराचे अर्ज टाकावेत. प्रयोगशाळा आहे काय? रसायने शेवटची कधी घेतली? वर्षभरात मुलांनी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले? उत्तरे हाती आली की लढाईची दिशा आपोआप ठरेल. पडदा जरूर द्या. पण आधी परीक्षानळी द्या.