पाहुणेपण सोडा, वॉर्डात उतरा

बेंगळुरूच्या विमानतळावर उतरलात की केंपेगौडा उभेच आहेत. ब्राँझचा 108 फुटी पुतळा. घडवला धुळे जिल्ह्यात जन्मलेल्या राम सुतारांनी, अनावरण झाले 11 नोव्हेंबर 2022 ला. मराठी माणसाची छाती फुगते, फुगू द्या. पण तिथून शहराकडे निघालेली टॅक्सी ज्या येलहंक्याच्या बाजूने भरधाव जाते, ते त्या पुतळ्यातल्या माणसाचे गाव आहे. येलहंक्याचे नाडप्रभू ही त्या घराण्याची ओळख. इथूनच पहिल्या केंपेगौडाने 1537 मध्ये दक्षिणेला जाऊन बेंगळुरूचा कोट आणि पेठ उभी केली. पुतळ्यापाशी फोटो काढणाऱ्यांपैकी किती जण जुन्या येलहंक्याच्या गल्लीत पाय ठेवतात?

येलहंका न्यू टाउनच्या आणि आसपासच्या अपार्टमेंटांत राहणाऱ्या मराठी बंधू-भगिनींनो, हे तुम्हालाच विचारतो आहे. गणपती तुम्ही दणक्यात बसवता, दिवाळी अंकांची देवघेव करता. सुट्टीत पाहुणे आले की त्यांना चिकपेठेत नेऊन शहाजीराजांच्या खुणा शोधता. 1638 मध्ये रणदुल्लाखानाबरोबर आलेल्या शहाजीराजांना हे शहर जहागिरीत मिळाले, हे मुलांना अभिमानाने सांगता. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी 1669 मध्ये दिलेल्या दानाचा लेखही दाखवता. सारे चांगलेच आहे. पण ज्या केंपेगौडाच्या वंशजाकडून हे शहर तेव्हा जिंकून घेतले, त्याच्या मूळ गावात तुम्ही आज घरपट्टी भरता. तिथला जुना दगड तुम्हाला परका का वाटावा? आपला राजा जिथे येऊन गेला तेवढाच इतिहास जपायचा, ही वृत्ती मला कोती वाटते.

जुने घर पडते कसे, तेही पाहा. कोणी तोफा लावत नाही. वारसांत वाटणी होते, बिल्डर येतो, नकाशा मंजूर होतो आणि एका सकाळी जेसीबी दारात उभा असतो. मंजुरी देणाऱ्याच्या टेबलावर जुन्या वास्तूंची यादी नसेल, तर त्याला अडवणार कोण? सरकार स्वतः तरी काय करते? लालबागेतला क्रुंबिगल हॉल नोव्हेंबर 2017 मध्ये पाडला तो फलोत्पादन खात्यानेच. आपल्याकडेही हात फार स्वच्छ नाहीत. जिथे 1848 मध्ये मुलींची शाळा भरली तो पुण्याचा भिडेवाडा वर्षानुवर्षे कोर्टात अडकून खचत राहिला, आणि डिसेंबर 2023 मध्ये रातोरात जमीनदोस्त झाला. तिथे स्मारक होणार म्हणून. वाडा गेला तो गेलाच.

येलहंक्याची तर दुहेरी पंचाईत. 2007 पर्यंत या गावाला स्वतःची नगरपालिका होती. मग ती बृहत् बेंगळुरू महापालिकेत विरघळली. त्या महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. त्यानंतर पाच वर्षे निवडणूकच नाही! सप्टेंबर 2025 मध्ये शहराच्या पाच महापालिका झाल्या आणि येलहंका उत्तर महापालिकेत आले. विकास आराखड्याची कथा आणखी न्यारी. 2015 सालापर्यंतचा म्हणून केलेला आराखडा ते साल उलटून गेल्यावरही वापरात राहिला, 2031 चा मसुदा 2017 मध्ये आला आणि पुढे गुंडाळला गेला. म्हणजे ज्या काळात गाव सर्वांत वेगाने बदलले, नेमक्या त्याच काळात गल्लीतल्या माणसाने जाब विचारावा असा निवडून आलेला कोणी समोर नव्हता.

आणि तरीही, जिथे माणसे उठली तिथे वास्तू उभ्या राहिल्या. अठरा कचेरी पाडायचा सरकारचा बेत 1982 मध्ये नागरिकांनी कोर्टात नेला, ओरड केली. त्या लाल इमारतीत आजही उच्च न्यायालय भरते. येलहंक्याकडे येणाऱ्या याच रस्त्यावर, हेब्बाळपर्यंत, पोलादी उड्डाणपूल बांधायचा घाट घातला गेला होता. ऑक्टोबर 2016 मध्ये हजारो लोक 'बेडा, बेडा' (नको, नको) म्हणत हातात हात धरून रस्त्याकडेला उभे राहिले आणि मार्च 2017 मध्ये सरकारने तो प्रकल्प सोडला. त्याच हेब्बाळात 2018 साली खोदकामाच्या धामधुमीत किट्टय्या नावाच्या वीराचा आठव्या शतकातला शिलालेख सापडला. रहिवासी आणि शिलालेखांचे वेडे पुढे आले, तो वाचवला, त्याच्यावर मंडप उभारला. येलहंक्याहून चिक्कबळ्ळापूरकडे जाणाऱ्या जुन्या नॅरोगेज मार्गावरची देवनहळ्ळी, दोड्डजाला, नंदी हॉल्ट ही दगडी स्टेशने ओसाड पडली होती. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेच्या बेंगळुरू शाखेने रेल्वेला बरोबर घेऊन त्यांच्या दुरुस्तीला हात घातला. या कामांना ना राजा लागला ना फौज. अर्ज, सह्या, शनिवारची सकाळ आणि थोडा हट्टीपणा एवढ्यावर भागले.

तेव्हा उठा. आधी मतदारयादीत नाव पाहा. 'आमचे मत गावाकडे आहे' हे वाक्य आता पुरे झाले, जिथे पाणी पिता तिथे मत द्या. वॉर्ड समितीची बैठक कधी असते ते विचारून घ्या आणि तिथे जाऊन बसा. कन्नड मोडकेतोडके असले तरी बोला, लोक हसतील, मग ऐकतील. ओल्ड टाउनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन एक रविवार हिंडा. देऊळ, विहीर, खांबांची ओसरी, वीरगळ, जे दिसेल त्याचा फोटो घ्या, पत्ता आणि मालकाचे म्हणणे एका वहीत लिहून ठेवा. मालकाला खलनायक करू नका. गळके छप्पर त्याच्या डोक्यावर आहे, आपल्या नाही. दुरुस्तीला पैसा आणि करात सवलत मिळाल्याखेरीज त्याने वारसा का सांभाळावा? ही मागणी त्याच्या बाजूने उभे राहून करायची आहे. मुंबईने 1995 मध्येच वारसा वास्तूंची श्रेणीवार यादी नियमात बसवली. तिच्यात भोके पुष्कळ आहेत, पण पाडण्याआधी विचारावे तरी लागते. तशी यादी येलहंक्याची हवी, वॉर्डाच्या नकाशावर, खुणांसकट.

मतदान केव्हाही लागो, उमेदवार झेंडा घेऊन अपार्टमेंटच्या गेटावर येणारच. पाण्याचे विचारा, कचऱ्याचे विचारा. मग कन्नड शेजाऱ्याला बाजूला उभे करून ती वही उमेदवारापुढे उघडा आणि म्हणा: यातले काय वाचवणार ते आत्ताच लिहून द्या, सही करा, तारीख घाला.