एकच फळा, दोन वेतने

अमरावती-अकोल्यातील अनेक अनुदानित महाविद्यालयांत एकाच विषयाचे दोन अध्यापक शेजारी बसतात. एकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. दुसऱ्याला तासिका तत्त्वावर, जितके तास घेतले तितक्यांचेच मानधन मिळते. सुटी लागली की त्याची मिळकतही थांबते. विद्यार्थी मात्र दोघांनाही 'सर'च म्हणतात.

हा भेद विद्वत्तेमुळे पडला असता, तर त्याचे समर्थन करता आले असते. परंतु नेट, सेट वा पीएच.डी. ही पात्रता दोघांनाही सारखीच लागते. भेद पडतो तो मंजूर पदे रिक्त ठेवून तासिकांवर काम भागविण्याच्या काटकसरीमुळे. शाळांतही वेगळे घडले नाही. २००० साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेत प्राथमिक सेवकाला तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मिळत. २०२३ च्या जानेवारीपासून ते १६,००० झाले. आकडा बदलला, तत्त्व बदलले नाही.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली रणधीर सिंग खटल्यात उचलून धरले. २०१६ साली जगजित सिंग खटल्यात हंगामी कर्मचाऱ्यांनाही नियमित श्रेणीचे किमान वेतन देय ठरविले. मात्र काम समान असल्याचे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावरच राहिला. एकट्याला तो पेलणे कठीण आहे.

मग मनात साठणाऱ्या निराशेचे करावे काय? ती बहुधा शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याच्या मत्सरात जिरते, नाहीतर मौनात. दोन्ही मार्ग शासनाच्या सोयीचे आहेत. १९७७-७८ साली राज्य कर्मचाऱ्यांनी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी ५४ दिवस संप केला. पोस्टातील कारकुनाला जास्त का मिळते, म्हणून ते त्याच्याशी भांडले नाहीत. आपल्याला कमी का, असे त्यांनी सरकारला विचारले. रोष योग्य दारी नेणे ते हेच.

आज हा प्रश्न विचारण्याची पहिली जबाबदारी नियमित अध्यापकाची आहे, कारण त्याला नोकरी जाण्याचे भय नाही. त्याने ती दया म्हणून पत्करू नये. तो निवृत्त होईल, तेव्हा त्याच्याच रिकाम्या जागेवर तासिका सुरू होण्याचा संभव आहे. आणि त्या घेणारा कदाचित त्याचाच विद्यार्थी असेल.